कासिल्दा आणि पांढरं सोल्युशन

कासिल्दा एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशी दोन चौक चालून घरी आली. ते तिच्या आधी तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं.

"अगं, दुसरी कुठंय?" नाबोरनं विचारलं. तो दारातच बसून उद्यासाठी मिरच्या निवडत होता. कोपऱ्यावर त्याची गुआकामायाची गाडी होती. पावात डुकराची कुरकुरीत चामडी भरून वर डोळ्यांतून पाणी काढणारी साल्सा ओतली की झाली गुआकामाया. मेक्सिकोतल्या त्या लेओन शहरात ती न खाल्लेला माणूस सापडायचा नाही.

"दुसरी काय?"

"चप्पल गं!"

कासिल्दानं खाली पाहिलं. डावा पाय धुळीनं काळा झाला होता. टाचेत बाटलीच्या काचेचा कपचा रुतला होता आणि त्यातून रक्त येत होतं. नोव्हेंबर महिना होता, फरशी बर्फासारखी असणार. तिला ना काच कळली होती, ना गारवा, ना चप्पल सुटलेली.

"दमलेय रे," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. नाबोरनं चिमट्यानं काच काढली. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तो शेजारणीचा पाय धरून बसलाय.

कासिल्दा बारिएंतोस तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. त्यातली सोळा वर्षं तिनं कोएसियो वस्तीत मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, चेंचोच्या कारखान्यात बूट चिकटवण्यात घालवली होती. कारखाना म्हणजे चेंचोच्या वडिलांचं जुनं घर. पुढच्या खोलीत चेंचो स्वतः चामडं कापायचा आणि मागच्या खोलीत सहा जणी. तिथं पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर ताणलेला बूट यायचा, कासिल्दा त्याच्या बुडाला आणि वेगळ्या कापलेल्या तळाला ब्रशनं पिवळं सोल्युशन लावायची, ते पुरतं आळेपर्यंत थांबायची आणि मग दोन्ही दाबून एक करायची. सगळी कला त्या थांबण्यात होती. लवकर दाबलं तर तळ सरकतो, उशीर झाला तर धरतच नाही. कासिल्दा बोटाची पाठ हलकेच टेकवायची आणि म्हणायची, "आता." सगळ्या जणी तिच्या 'आता'वर काम करायच्या. मायेस्त्रो चेंचो गिऱ्हाइकांना सांगायचा, "घड्याळ बंद पडेल, पण हिचं बोट चुकायचं नाही."

मागच्या खोलीच्या खिडक्या मात्र कायम बंद. ओल्या सोल्युशनवर धूळ बसली की जोड कच्चा राहतो, आणि वारा आला की वरच्यावर साय धरते. थंडीत तर कुणी त्या उघडायचा विचारही करत नसे. दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं, जेवणावर वासना राहायची नाही. संध्याकाळी हातावर जमलेले चिकट थर काढायला दारामागं थिनरची बादली होती. तीत कोपरापर्यंत हात बुडवायचे, फडक्याला पुसायचे आणि घरी जायचं. नाताळच्या आधी बुटांना एवढी मागणी असायची की सोमवारची बुट्टीसुद्धा कुणी मारत नसे. चांभारांचा आठवड्यात एक जास्तीचा रविवार असतो आणि त्याला सोमवार म्हणतात, ही त्या वस्तीतली जुनी थट्टा होती.

त्या वर्षी ऑक्टोबरपासून कासिल्दाच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग चवड्याला. मग मुंग्याही यायच्या थांबल्या आणि पाय नुसते मुके झाले. पायात लोकरीचे जाड मोजे घातलेत असं वाटायचं, हात लावून बघावं तर मोजे नाहीत. पाठोपाठ हाताची बोटं. एक दिवस ती "आता" म्हणाली आणि त्या खेपेतले अकरा जोड सोलून निघाले. मायेस्त्रोनं ते तळ टेबलावर एकेक करून आपटले. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

औषधाच्या दुकानाशेजारी बसणाऱ्या डॉक्टरनं तिला जीवनसत्त्वाची दहा इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, "बायकांना काळज्या फार. मन शांत ठेवा." इंजेक्शन देताना तिला सुई टोचलेली कळत होती, म्हणून तो म्हणाला की काही झालेलं नाही. सुई दंडात होती. पायाला त्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

चप्पल सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी नाबोर तिला धरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथं आम्पारो नावाची डॉक्टरीण होती. केस पिकलेले, बोलणं तुटक. तिनं साखर तपासली, ती ठीक निघाली. मग कासिल्दाला डोळे मिटायला सांगून तिनं पायाच्या अंगठ्यापासून वर वर सुईचं टोक टेकवत नेलं.

"टोचलं की सांगा."

कासिल्दा गप्प. गप्प. गप्प. पोटरीच्या मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "हां."

"काम काय करता?"

"बूट चिकटवते."

"कशानं?"

"सोल्युशननं."

"त्यात काय असतं?"

"ते कुणाला ठाऊक? पिवळं असतं. वास मारतो."

"खिडक्या?"

"बंद. धूळ बसते ना."

"हात कशानं धुता?"

"थिनरनं. साबणाला दाद देत नाही ते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "डब्यावर काय लिहिलंय ते मला आणून द्या."

"डबा नसतो, बाई. बादलीत येतं."

"मग ज्याच्याकडून बादली येते त्याला विचारा. आणि तोवर त्या खोलीत पाऊल टाकू नका."

बादली यायची लिब्रादोच्या दुकानातून. खिळे, रंग, दोऱ्या, सोल्युशन असं सगळं विकणारा गोल पोटाचा माणूस. त्याला असं कुणी विचारलं की तो खुलायचा.

"हेक्सेन!" तो म्हणाला. "थोडं टोल्युइनही, पण मुख्य हेक्सेन. पेट्रोलचंच भावंड. अगं, त्याच्याशिवाय जगाचं पान हलत नाही. सोयाबीनचं तेल काढायच्या कारखान्यात टँकरनं जातं. छापखान्यात रूळ पुसायला, गॅरेजात ब्रेक धुवायला. तेल म्हणू नको, चरबी म्हणू नको, रबर म्हणू नको, जे भेटेल ते विरघळवतं आणि उडून जातं. उडून जातं म्हणून तर तुमचं काम चटकन होतं."

"उडून कुठं जातं?"

लिब्रादोनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला. "हवेत."

"आणि खिडक्या बंद असल्या तर?"

लिब्रादोनं गल्ल्यामागून एक बाक काढून तिच्यापुढं ठेवला. "बस, सेन्योरा. उभी नको राहू."

चिठ्ठीवर त्यानं लिहून दिलेलं नाव डॉक्टरीणबाईंनी एकदाच वाचलं. मग पायांना विजेचे बारीक बारीक झटके देऊन नसांची तपासणी झाली. झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढून कासिल्दाच्या समोर घेतली.

"हे श्वासातून जातं, कातडीतूनही जातं. अंगात गेलं की त्याचं असं काही बनतं की ते नसांना खातं. सगळ्यात लांब नस पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, म्हणून सुरुवात तिथून. मग हात. याला गोळी नाही. त्यापासून लांब राहायचं, एवढंच औषध. बहुतेकांच्या नसा परत येतात, पण सावकाश. वर्ष, दीड वर्ष." त्या थांबल्या. "आणि नीट ऐका. आज काम सोडलंत तरी पुढचे दोन-तीन महिने आणखी बिघडत जाईल. जे आत गेलंय ते त्याचं काम पुरं करतं. घाबरायचं नाही. मग थांबेल, आणि मग उलटं फिरेल."

"हे एका कागदावर लिहून द्या," कासिल्दा म्हणाली. "नाहीतर आमच्याकडे कुणाला पटायचं नाही."

तो कागद तिनं फ्रिजवर चिकटवला.

आणि झालंही तसंच. डिसेंबरात ती काठी घेऊन चालत होती. जानेवारीत पाऊल उचललं की चवडा लोंबायचा आणि फरशीवर फट्‍ करून आपटायचा. ब्लाउजची बटणं नाबोर लावायचा. एकदा न्हाणीत ती खाली बसली आणि तिला उठताच येईना. गार पाण्यात बसून ती ओरडत राहिली. शेजारीण भिंतीवरून आली तेव्हा कासिल्दाचे ओठ निळे पडले होते.

मायेस्त्रो चेंचोपर्यंत बातमी गेली. नाबोरच्या गाडीवर खाताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सोल्युशनचा दोष असता तर घरी बसून ती सशासारखी पळायला लागली असती. बघा, घरी बसली आणि आणखी पडली. हे दुसरंच काहीतरी आहे."

घरी येऊन नाबोर फ्रिजवरच्या कागदापुढं उभा राहिला. "माझी मावशी अंगावरून अंडं फिरवून दुखणं उतरवते," तो हळूच म्हणाला. "एकदा बघूया का?"

"मावशीला सांग, अंडी इकडे पाठव. आमलेट करून खाऊ."

ती हसली खरी. पण तो कामाला गेल्यावर तिनं फ्रिजवरचा कागद काढला आणि 'दोन-तीन महिने' या शब्दांवर आपलं बधिर बोट टेकवलं. तिथंही काही कळलं नाही. डॉक्टरीणबाईंचा अंदाज चुकला असेल तर? हा प्रश्न तिनं कुणालाही विचारला नाही.

फेब्रुवारी सरला. मार्चमध्ये एक दिवस तिच्या लक्षात आलं, की गेल्या आठवड्यात जितकं जमत नव्हतं तितकंच आजही जमत नाहीये. त्याहून कमी नाही. दुसऱ्या कुणाला हा आनंद वाटला नसता. तिनं नाबोरला बोलावून सांगितलं, "थांबलंय."

एप्रिलच्या अखेरीस ती अंगणात पाय सोडून शेंगा सोलत बसली होती. एकदम किंचाळली. नाबोर हातातलं पातेलं टाकून धावत आला.

"काय झालं? पडलीस?"

"चावली! नाबोर, मुंगी चावली! इथं! या बोटाला!"

"मग झटक की तिला!"

"थांब, झटकू नको रे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "चावू दे तिला. आणखी एकदा चावू दे."

कासिल्दाच्या परगावी शिकणाऱ्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता ओब्दुलिया, म्हणजे तिची कोमाद्रे, दर रविवारी सूप घेऊन यायची. कारखान्यात दोघी पंधरा वर्षं समोरासमोर बसलेल्या. मुंगीची गोष्ट ऐकून ती खूप हसली, पण घरी निघताना तिनं दाराची चौकट धरली आणि खाली पायांकडे बघत बघत उंबरा ओलांडला. कासिल्दाचं हसू मावळलं.

"कोमाद्रे, पायाकडे बघून का चालतेस?"

"चप्पल नवी आहे."

"चार वर्षांची आहे ती. मीच होते बरोबर घेताना."

ओब्दुलिया तिथंच उंबऱ्यावर बसली. "जानेवारीपासून," ती म्हणाली. "तुला बघत होते ना. काम सोडून तुझं आणखी वाईट झालं. मला वाटलं, सोडून तरी काय मिळणार?"

"अगं वेडे! फ्रिजवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलंय ते कशाला?"

"मला वाटलं तुझं मन राखायला लिहिलंय."

सोमवारी कासिल्दा काठी टेकत स्वतः तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ओब्दुलियाचं दुखणं जास्त पुढं गेलं होतं.

जून आला. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होतात आणि शाळेच्या बुटांची मागणी जूनमध्येच छातीवर बसते. मायेस्त्रो चेंचोच्या दोन्ही मुरलेल्या कामगारणी घरी, आणि नव्या पोरींचे तळ सुटायला लागलेले. एका दुपारी तो टोपी हातात घेऊन कासिल्दाच्या दारात उभा राहिला. चौसष्ट वर्षांचा ताठ माणूस. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"चाळीस वर्षं हा वास घेतोय मी," तो म्हणाला. "मला काही झालं? सांग ना, झालं काही?"

"तुम्ही पुढच्या खोलीत कापता, मायेस्त्रो. तिथं रस्त्याकडचं दार दिवसभर उघडं असतं."

बहुधा चाळीस वर्षांत पहिल्यांदाच चेंचोनं आपली पुढची खोली आणि मागची खोली मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली असावी. आता तो बसला.

"ओब्दुलियाचं काय म्हणतात?"

"वर्ष. कदाचित जास्त."

त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "मला काय करायला सांगतेस?"

कासिल्दानं मनात सगळं तयार ठेवलं होतं. लिब्रादोकडे हेक्सेनऐवजी पाण्यातलं सोल्युशन येतं, पांढरं, दुधासारखं. ते आधी वापरून बघायचं.

"पाण्यातलं?" चेंचो खुर्चीतून उडालाच. "पाण्यानं बूट चिकटवायचा? मग शिंपल्यांनी टाके घालू!"

"बघायला काय जातं तुमचं?"

"अब्रू जाते!"

पण दुसऱ्या दिवशी त्यानं बादली मागवली. खिडक्या उघडल्या होत्या, आणि सात महिन्यांनी कासिल्दा मागच्या खोलीत आली. पहिले बारा जोड तिनं जुन्या सवयीनं केले, आणि पक्कड लावताच बाराही केळ्याच्या सालीसारखे सुटले. पोरी तोंडाला फडकं लावून हसल्या. चेंचो फक्त म्हणाला, "शिंपले आणू?"

त्या दिवशी ती घरी गेली आणि जेवली नाही. आपलं कुठं चुकलं ते तिला कळत नव्हतं. आधी बोटानं कळायचं, आता बोटं अजून अर्धी झोपेत होती. सकाळी ती पुन्हा गेली. या वेळी तिनं चामडं जास्त घासून खरखरीत करायला लावलं, पांढरं सोल्युशन पातळ लावलं आणि काहीही न करता नुसती बघत बसली. पाच मिनिटं, दहा, वीस. आणि तिला दिसलं. दुधासारखा पांढरा थर कडेपासून काचेसारखा होत मध्याकडे चालला होता. मध्यभागी एक पांढरा ठिपका उरला. मग तोही गेला आणि खालचं चामडं लख्ख दिसायला लागलं.

"आता," कासिल्दा म्हणाली.

बोट टेकवायची गरजच नव्हती. हे सोल्युशन डोळ्यांना सांगत होतं.

तिनं जोड दिव्याच्या उबेला धरला आणि दाबला. चेंचोनं तो बूट पाण्याच्या बादलीत दोन दिवस बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं तो शिकंज्यात आवळला आणि पक्कड धरून सगळ्या ताकदीनं तळ ओढला. कपाळाची शीर फुगली. काहीतरी टर्रकन फाटलं. सगळ्या जणी पुढं वाकल्या. चामडं फाटलं होतं. जोड जागच्या जागी होता.

चेंचोनं तो फाटका बूट उजेडात नेला, वळवून वळवून पाहिला, नाकाजवळ धरून हुंगला. "कसलाच वास नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडीशी तक्रारही होती.

कामाची घडी बदलावी लागली. हे सावकाश वाळतं, तर सकाळी सगळ्या बुटांना थर लावून ठेवायचे, मधल्या वेळात नाड्या ओवायच्या, आणि दुपारी दाबायचं. काही रबरी तळांना पांढरं धरेना. त्यांच्यासाठी जुनं पिवळं ठेवावं लागलं. पण त्याचं टेबल दारापाशी गेलं, डोक्यावर हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट फॅन बसला, डब्याला झाकण आलं, हातमोजे आले, आणि त्या टेबलावर एकीनं दोन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही असं ठरलं. थिनरची बादली कासिल्दानं स्वतः उचलून बाहेर काढली. हाताला गोड्या तेलाचं बोट चोळून मग साबण लावला की डाग निघतो, हे तिनं घरी करून पाहिलं होतं. ती स्वतः मात्र पिवळ्या टेबलाच्या आसपास फिरकत नाही, तशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद आहे. शाळेचे बूट आठवडाभर उशिरा गेले. दुकानदार ओरडले, पण एकही जोड परत आला नाही.

ओब्दुलिया सप्टेंबरात परतली. तिचा डावा पाय अजून ओढत चालतो, पण सोल्युशनपासून दूर, अंगणाकडच्या टेबलाशी बसून ती नाड्या ओवते आणि खोकी भरते. मागच्या तपासणीत तिला घोट्याजवळ सुई कळली. कासिल्दाची काठी सुटली, बटणं ती स्वतः लावते. डाव्या पायाची दोन धाकटी बोटं तेवढी अजून गप्प आहेत. कदाचित तशीच राहतील, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. "आठ बोटांवर चालता येतं की," कासिल्दा म्हणाली.

ऑक्टोबरच्या पंचविसाव्या दिवशी चांभारांच्या संताचा, सान क्रिस्पीनचा सण असतो. रस्त्यात टेबलं मांडतात, वस्तीतले सगळे कारखाने एकत्र जेवतात. त्या वर्षी कासिल्दा आणि ओब्दुलिया एका टोकाला बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर मायेस्त्रो चेंचो दुसऱ्या तीन कारखानदारांना हातवारे करून सांगत होता.

"मी म्हटलं, अरे पाण्यातलं का नाही? सगळे हसले मला. मी म्हटलं, हसा! ते आपोआप काचेसारखं होतं, बाबांनो. होईपर्यंत हात लावायचा नाही. ही युक्ती माझी."

"ऐकतेस का?" ओब्दुलियानं कोपरानं ढोसलं. "शिंपल्यांनी टाके घालणारा बघ! जा, सांग त्यांना खरं काय ते."

कासिल्दा उठायला लागली होती. तेवढ्यात त्या तिघांतला एक जण, ज्याच्या कारखान्यात चौदा बायका काम करत होत्या, चेंचोकडे सरकून म्हणाला, "खरंच धरतं? उद्या येऊन बघू का?"

"ये की," चेंचो म्हणाला. "सकाळीच ये."

दुसरा म्हणाला, "मग मीही येतो."

कासिल्दा परत खाली बसली आणि तिनं ओब्दुलियाच्या ताटात आणखी भात वाढला. "राहू दे गं," ती म्हणाली. "मारू दे बढाया. अजून पलीकडच्या टेबलाला ऐकवायचं राहिलंय त्याचं."